हाडांच्या गोळीचा त्रास: आईने गोळ्या लपवून ठेवल्या, आता पुढे काय?

पारिजात
रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आई ७१ वर्षांची, कराडला एकटी राहते. मी पुण्यात. गेल्या दिवाळीच्या आधी ओल्या मोरीत तिचा पाय घसरला आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. उंचावरून पडली नव्हती, नुसता हात टेकला होता. प्लास्टर निघाल्यावर हाडाच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्यायला सांगितलं. कण्याचा टी-स्कोअर उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात, हे मला तेव्हा कळलं. अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमची आठवड्याला एक गोळी, रोज कॅल्शियम आणि आठवड्याला ड जीवनसत्त्वाची एक पुडी, अशी चिठ्ठी मिळाली. गोळी कशी घ्यायची? तर "उपाशीपोटी". एवढा एकच शब्द. पाकिटातला कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं.

गेले दोन महिने आई खाण्यात मागे पडली होती. भाकरी दुधात कुस्करून खायची, नाहीतर मऊ भात. विचारलं की म्हणायची दाढ दुखते. काल कराडला गेले होते. संध्याकाळी दिवा लावायला वाती शोधत होते, तर देवघराच्या खणात वातींच्या डब्यातच सात गोळ्या सापडल्या. एक पट्टी अख्खी, दुसरी एक गोळी कमी. म्हणजे सात आठवडे तिने गोळी घेतलीच नव्हती.

मी काही बोलायच्या आतच तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "छातीत नुसता जाळ होतो गं. घास इथं अडकतो." आणि छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. मला का नाही सांगितलंस, म्हटलं. तर, "तू नोकरी बघशील, पोरं बघशील का माझी जळजळ बघशील? आणि डॉक्टरांना कुठल्या तोंडानं सांगू, तुमची गोळी सोसत नाही म्हणून?"

मग तिला म्हटलं, तू घेत कशी होतीस ते करून दाखव. रविवारी पहाटे पाचला उठायची, अंधारातच फुलपात्रातल्या दोन घोटांबरोबर गोळी गिळायची आणि परत आडवी व्हायची. रविवारी एवढ्या लवकर उठून काय करायचं, म्हणून. मी ते फुलपात्र मापून पाहिलं. काठोकाठ भरलं तर १५० मिली. दोन घोट म्हणजे ४० मिली तरी असतील का?

आता गोळी बंद होऊन सात आठवडे झाले तरी घास अडकतोच आहे. नीट पद्धतीने परत सुरू करू का? की इंजेक्शनाचं विचारू? त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर "या औषधाने जबडा कुजतो" असा एक निरोप फिरतोय, तो आईच्या मैत्रिणीने तिला वाचून दाखवला आहे. ज्यांनी ही औषधं घेतली आहेत किंवा घरात कुणाला दिली आहेत त्यांनी कृपया लिहा.

अरुंधती_नागपूर
रविवार, रात्री १०.२०

ताई, आधी एक गोष्ट. घास अडकतोय ना, मग या आठवड्यातच दाखवा. गोळी परत सुरू करायचं मनातही आणू नका. माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं आणि आम्ही महिनाभर जेलुसिल देत बसलो. नुसती जळजळ वेगळी आणि गिळताना दुखणं, अडकणं वेगळं. ते अंगावर काढायचं नसतं.

आणि आईंना रागावू नका. आमच्याकडे सासूबाई गोळी तुळशीत टाकायच्या.

पारिजात
रविवार, रात्री १०.३५

नाही हो, रागावले नाही. रडलो दोघी.

रानवारा
सोमवार, सकाळी ६.१५

मी २२ वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काम केलं. या गोळीबद्दल पेशंटला बसवून सांगायला पाच मिनिटं लागतात आणि नेमकी तीच पाच मिनिटं कुणाकडे नसतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

ही गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर आतलं अस्तर भाजतं. भाजतं हाच शब्द बरोबर आहे, कारण पुढे तिथे व्रण होतो. पाणी कमी पडलं की ती मध्येच चिकटते. घेतल्यावर आडवं झालं की पोटात उतरलेलं औषध आम्लासकट परत वर येतं. तुमच्या आईकडून दोन्ही गोष्टी झाल्या आणि त्यात त्यांची काही चूक नाही. उपाशीपोटी म्हटलं तर त्या उपाशीपोटीच घेत होत्या की.

पद्धत अशी. सकाळी उठल्यावर, काहीही पोटात जायच्या आधी, मोठा पेला भरून साधं पाणी, २०० ते २५० मिली. गोळी चावायची नाही, चघळायची नाही. त्यानंतर निदान अर्धा तास बसायचं, उभं राहायचं किंवा चालायचं. आडवं व्हायचं नाहीच, पण वाकायचंही नाही. आपल्या बायकांचं इथेच चुकतं. गोळी घेतली की लगेच केर काढणं, दारात रांगोळी, देवापुढे डोकं टेकणं, सगळं वाकूनच. तेवढा अर्धा तास ती कामं राहू द्यायची. महिन्यातून एकदा घ्यायची आयबॅन्ड्रोनेटची गोळी असते, तिला एक तास.

साधं पाणीच का, चहा-कॉफी का नाही, तर ही गोळी मुळातच फार कमी शोषली जाते. साध्या पाण्याबरोबर घेतली तरी शंभरातला एक भागही रक्तात जात नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलेही निम्म्याहून जास्त वाया जाते. दूध आणि कॅल्शियमची गोळी तर तिला बांधूनच टाकतात. म्हणून कॅल्शियम जेवणाबरोबर दुपारी किंवा रात्री, सकाळी नाही.

ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही किंवा ज्यांची अन्ननलिका आधीच आकसलेली आहे, त्यांना ही गोळी द्यायचीच नसते. डॉक्टरांना "सोसत नाही" म्हणून सांगण्यात लाज कसली? ते कळलं की ते औषध बदलतात. याच कामाची चार-पाच वेगवेगळी औषधं आहेत.

सुमेधा_डोंबिवली
सोमवार, सकाळी ८.०५

रानवारा ताई, मला थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच घ्यायची असते. मग रविवारी कसं करायचं?

रानवारा
सोमवार, दुपारी २.४०

सुमेधा, हाडांची गोळी एकटी घ्यायची, दुसरी कुठलीही गोळी तिच्याबरोबर नको. निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. क्रम कसा ठेवायचा ते तुमच्या डॉक्टरांकडून एकदा चिठ्ठीवरच लिहून घ्या, म्हणजे दर रविवारी डोक्याला ताप नाही.

मोगरा_६५
सोमवार, दुपारी ३.३०

पारिजात, मी स्वतः पेशंट आहे. वय ६५, मिरजेची. मलाही गोळी सोसली नाही, म्हणून वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन घेते. दोन झाली. पोटाचा काही प्रश्नच येत नाही, कारण औषध पोटात जातच नाही. पण पहिल्या सलाईनच्या वेळी काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर घरची माणसं घाबरतात.

सकाळी अकराला सलाईन लागलं, सुमारे २० मिनिटांत संपलं. चालत घरी आले, जेवले, दुपारी झोपले. संध्याकाळी सात वाजता कणकण. नऊ वाजता अशी थंडी भरली की दातावर दात आपटायला लागले. दोन गोधड्या, त्यावर सुनेनं चादर घातली, तरी हुडहुडी जाईना. ताप १०२. हाडन् हाड ठणकत होतं. केस विंचरायला हात वर होईना. मुलगा म्हणाला मलेरिया आहे, चला दवाखान्यात. तेवढ्यात सुनेला आठवलं, सलाईन लावणाऱ्या सिस्टरने निघताना सांगितलं होतं, ताप येईल, पॅरासिटामॉल द्या, भरपूर पाणी पाजा, तीन दिवसांत उतरेल. तसंच झालं. दुसरा दिवस वाईट गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठून आमटीला फोडणी घातली.

पहिल्या सलाईननंतर तिघांतल्या एकाला असा ताप, अंगदुखी होते, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या वर्षी मला नुसतं अंग आंबल्यासारखं झालं, तेही एकच दिवस. बहुतेकांना दुसऱ्यांदा त्रास कमीच होतो म्हणे.

सलाईनच्या आधी माझं रक्त तपासलं, क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलेलं असेल तर हे सलाईन देत नाहीत. माझं ड फारच खाली होतं, म्हणून आधी दोन महिने ते भरून काढलं, सलाईन मग. ड आणि कॅल्शियम कमी असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. तोंडाभोवती मुंग्या, हातापायांत गोळे. हे विचारून घ्या.

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ९.१५

माझं मत वेगळं आहे, मनापासून सांगतो. आमची आजी ८८ वर्षांची, वाईजवळच्या गावात राहते. आयुष्यात एक गोळी घेतली नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला. हाड मोडलं की कांडवेल. या गोळ्यांचे त्रास वाचून अंगावर काटा येतो. एवढं सोसण्यापेक्षा अन्नातूनच कॅल्शियम का देत नाही आपण? ७१ वर्षांच्या बाईच्या पोटात व्रण करून हाडं कशी वाचवायची?

पारिजात
सोमवार, रात्री ११.००

दादा, तुमची कळकळ पोचली. पण आमचं मूळ गाव पाटण तालुक्यातलं. आई नाचणीवरच वाढली, आजही तिच्या घरात नाचणीचं पीठ असतं. गाईचं दूध घरचं. तरी टी-स्कोअर उणे ३.१. तिची पाळी ४३ व्या वर्षी गेली होती, त्यानंतर कुणी कधी हाडांकडे पाहिलंच नाही.

रानवारा
मंगळवार, सकाळी ६.००

कृष्णाकाठ, तुमच्या आजींना माझा नमस्कार. नाचणी खाल्लीच पाहिजे, त्यात वाद नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशातच नाही. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. नाचणी, दूध, दही, तीळ धरून त्यातलं बरंचसं ताटातूनच मिळू शकतं.

पण कॅल्शियम म्हणजे विटा. पाळी गेल्यावर हाड पोखरणाऱ्या पेशी मोकाट सुटतात, घालाल त्याच्यापेक्षा जास्त पोखरून काढतात. या गोळ्या त्यांना आवरतात. एकदा हाड मोडलेल्या माणसाला नुसत्या विटा पुरत नाहीत. आणि मणका चेपलेली किंवा खुबा मोडलेली म्हातारी माणसं मी वॉर्डात रोज पाहिली आहेत. खुब्यानंतर कित्येक जणी परत स्वतःच्या पायाने मोरीपर्यंत गेल्या नाहीत. म्हणून जीव तोडून लिहिते, त्रास होत असेल तर औषध बदलून घ्या, पण गुपचूप सोडून देऊ नका.

कृष्णाकाठ
मंगळवार, सकाळी ९.३०

विटांचं पटलं. आजीचं डेक्सा कधी झालंच नाही, हेही खरं. या महिन्यात साताऱ्याला नेतो तिला.

दंतवैद्य_ठाणे
मंगळवार, दुपारी १.१०

जबड्याच्या निरोपाबद्दल लिहितो, कारण तो निरोप वाचून माझ्याकडेही दर आठवड्याला कुणीतरी येतं.

हा आजार खरा आहे. दाढ काढल्यावर जखम भरत नाही, आतलं हाड उघडं पडतं आणि आठ आठ आठवडे तसंच राहतं. पण निरोपात जे सांगत नाहीत ते असं, की यातले बहुतेक रुग्ण कर्करोगाचे असतात. त्यांना हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत, दर महिन्याला देतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत हा त्रास वर्षाला दहा हजारांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो.

म्हणून काय करायचं? औषध सुरू करण्याआधी तोंड तपासून घ्या. किडलेली मुळं, हलणारे दात, जे काढायचं ते आधी काढून जखम भरू द्या. कवळी बोचत असेल तर ती नीट करून घ्या. औषध चालू असताना दात साफ करणं, भरणं, रूट कॅनाल हे सगळं करता येतं. दाढ काढायची वेळ आली तर दंतवैद्याला औषधाचं नाव आणि ते किती वर्षं चालू आहे ते सांगा. आणखी एक, तुमच्या भागात बऱ्याच वयस्कर बायका मिश्री लावतात. आई लावत असतील तर ती आधी सुटली पाहिजे. तिने हिरड्यांची वाट लागते आणि जखम भरत नाही.

पारिजात
मंगळवार, दुपारी १.४५

लावते. चाळीस वर्षं. फोन करते तिला.

अटलांटिकपार
मंगळवार, रात्री ११.५५

मी न्यू जर्सीहून लिहिते आहे. हा धागा वाचून राहवलं नाही. गोळी सोसत नाही म्हणून पारिजातताईंना उद्या कदाचित डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवतील. दर सहा महिन्यांनी एकदा, दंडावर किंवा पोटावर कातडीखाली, ६० मिलिग्रॅम. चांगलं औषध आहे, माझ्या आईला त्याने काही म्हणता काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो चुकलेल्या तारखेचा.

आई दरवर्षी आमच्याकडे सहा महिने येते. त्या वर्षी जानेवारीत आली, इंजेक्शनची तारीख मार्चमध्ये होती. इथे पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजाराचं औषध बसत नाही, आणि किंमत ऐकून आईच म्हणाली, "जुलैत परत गेले की घेईन. सहा महिन्यांच्या औषधाला चार महिन्यांनी काय होतंय?" मलाही ते पटलं. माझा नवरा, भाऊ, सगळे शिकलेले, एकालाही शंका आली नाही. हाडाचं औषध, उशीर झाला तर फार तर हाड थोडं कमी भरेल, असं वाटलं.

जूनमध्ये एका सकाळी ती धुतलेल्या कपड्यांची टोपली उचलायला वाकली आणि तशीच थांबली. ओरडली नाही. एका हाताने यंत्राची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला धर." एक्स-रेत दोन मणके चेपलेले. महिन्याभरात तिसरा. आजपर्यंत तिची उंची दोन इंचांनी कमी झाली आहे, तिच्या नऊवारीचा ओचा आता वेगळा बसतो.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. गोळी किंवा सलाईन हाडात जाऊन बसतं, बंद केल्यावरही वर्षानुवर्षं थोडं थोडं काम करत राहतं. हे इंजेक्शन तसं हाडात राहत नाही. त्याचा अंमल उतरला की आवरून धरलेल्या पेशी दुप्पट जोराने उठतात आणि मणके एकामागून एक चेपू शकतात. म्हणून याची तारीख चुकवायची नाही, आणि बंद करायचं असेल तर त्याच्या मागोमाग दुसरं औषध, बहुतेकदा सलाईन किंवा गोळी, द्यावंच लागतं. हे आम्हाला पहिल्या इंजेक्शनच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

ज्यांचे आईवडील सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असतात, त्यांनी हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांना आपला येण्याजाण्याचा बेत सांगा. आता आम्ही तिकीट काढतो ते इंजेक्शनची तारीख पाहून.

अरुंधती_नागपूर
बुधवार, सकाळी ७.१०

वाचून सुन्न झाले. काकूंना आता कसं आहे?

अटलांटिकपार
बुधवार, सकाळी ८.००

दुखणं कमी आहे. चालते, स्वयंपाकही करते. पण पाठ ताठ होत नाही.

पांथस्थ_नाशिक
बुधवार, रात्री ८.४५

पुरुष आहे म्हणून लिहावं की नाही असं वाटत होतं. बायकांचा आजार म्हणून आम्हाला कुणी विचारत नाही. वय ५८. संधिवातासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, त्यांनी हाडं पोकळ केली. हीच आठवड्याची गोळी सुरू झाली. जळजळ नाही, काही नाही. मला ती उत्तम सोसली, आणि तिथेच मी गाफील राहिलो. सात वर्षं जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणत गेलो. ना मी डॉक्टरांकडे गेलो, ना दुकानदाराने नवी चिठ्ठी मागितली.

सातव्या वर्षी उजवी मांडी दुखायला लागली. मांडीच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला, मंद ठणका. जिना चढताना जास्त. वाटलं संधिवातच सरकला. तीन महिने तेल चोळलं, शेक घेतला. शेवटी मुलीने ओढून नेलं. एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला बारीक आडवी रेघ. हाड मोडायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर चालता चालता आडवं मोडलं असतं. आत रॉड घातला. दुसऱ्या मांडीचाही एक्स-रे काढला, कारण दोन्हीकडे असू शकतं. ती ठीक होती.

हे फार क्वचित होतं, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत, आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत जरा जास्त. माझी विनंती एवढीच, या औषधावर असताना मांडी किंवा जांघ दुखायला लागली तर तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

रानवारा
गुरुवार, सकाळी ६.१०

पांथस्थ दादा, बरं केलंत लिहिलंत. म्हणूनच गोळीची साधारण पाच वर्षं किंवा सलाईनची तीन वर्षं झाली की डॉक्टर पुन्हा डेक्सा करून, धोका किती उरलाय ते पाहून औषधाला सुट्टी द्यायची का ते ठरवतात. औषध हाडात मुरलेलं असतं, सुट्टीतही थोडं काम चालू राहतं. मात्र ही सुट्टी गोळीला आणि सलाईनला. वर न्यू जर्सीच्या ताईंनी सांगितलेल्या इंजेक्शनाला नाही.

माळरान
गुरुवार, दुपारी १२.२०

आईला टेरिपॅराटाइड दिलं होतं, रोज पोटात पेनने टोचायचं, दोन वर्षं. हे पोखरणं थांबवत नाही, नवीन हाड घडवतं. सुरुवातीला टोचल्यावर चक्कर यायची, म्हणून पलंगावर बसूनच टोचायचो. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्याकडे लाइट सहा सहा तास जायची. शेवटी पेन गावातल्या औषधाच्या दुकानात ठेवलं, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. भाऊ रोज सकाळी जाऊन घेऊन यायचा. ते संपल्यावर सलाईन दिलं, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं म्हणाले.

निळीशाई
गुरुवार, रात्री १०.००

ड जीवनसत्त्वाच्या पुडीबद्दल एक. ६०,००० एककांची पुडी आठवड्याला एक असते. माझ्या मावशीने दोन महिने रोज एक घेतली, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्याच होत्या. उलट्या, बद्धकोष्ठ, बोलताना भरकटायला लागली. आम्हाला वाटलं विसरभोळेपणा सुरू झाला. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. पुडीवर वाराचं नाव पेनने लिहून ठेवा.

पारिजात
तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४.१५

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. आईला पुण्याला आणलं. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात व्रण दिसला. आठ आठवडे आम्ल कमी करणारी गोळी आणि मऊ जेवण. अ‍ॅलेन्ड्रोनेट कायमचं बंद, फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

नवीन डॉक्टरांसमोर आई गप्पच बसली होती. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला थांबवलं आणि खुर्ची आईसमोर ओढली. म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांगा." आई हळूहळू सगळं बोलली. दोन घोट पाणी, परत आडवं होणं, वातींचा डबा. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गोळी तुम्हाला सोसली नाही, हे आम्ही विचारायला हवं होतं." आईने माझ्याकडे असं पाहिलं की बस.

ड जीवनसत्त्व ११ निघालं. पुड्या घेऊनही एवढं कमी कसं, तर पुड्याही तिने महिन्यातच सोडल्या होत्या. सगळ्यालाच घाबरली होती. आता पुड्या माझ्याकडे, रविवारी मी देते. क्रिएटिनिन ठीक आहे. व्रण भरला आणि ड वर आलं की सलाईन. येण्याजाण्याचा प्रश्न नाही, पण तारीख विसरण्याचा आहे, म्हणून सहा महिन्यांच्या इंजेक्शनापेक्षा वर्षाचं सलाईन बरं, असं आम्ही ठरवलं. मधल्या दोन महिन्यांसाठी मोरीत रबरी चटई टाकली, भिंतीला दांडी बसवली.

दंतवैद्य दादा, दोन मुळं काढली, जखम भरली. मिश्री तेरा दिवस बंद आहे. तंबाखू नको म्हणून लवंग चघळते.

मोगरा_६५
आणखी दोन महिन्यांनी, मंगळवार, संध्याकाळी ६.००

पारिजात, सलाईन झालं का गं? ताप आला का आईंना?

पारिजात
गुरुवार, सकाळी ९.३०

काकू, मंगळवारीच झालं. आला ताप. रात्री साडेअकराला १०१, थंडी वाजून. तुम्ही लिहिलेलं मी आधीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळे आई घाबरली नाही. मलाच म्हणाली, "मिरजेच्या बाईंना १०२ होता ना? मग माझा कमीच आहे." पॅरासिटामॉल दिलं, दर तासाला पाणी पाजलं. काल दिवसभर अंग ठणकत होतं, कूस बदलताना कण्हत होती. आज सकाळी ताप नाही. उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, भाकरी कर, दुधात नको, तव्यावरची दे. अर्धी खाल्ली, पिठल्याबरोबर.

पुढचं सलाईन पुढच्या वर्षी याच सुमारास. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून आलेलं नाही, म्हणून तारीख सध्या फ्रिजवर चिठ्ठीत लावली आहे. एक तिच्या फ्रिजवर, एक माझ्या.